काडतुसांची चणचण आणि नेमबाजीचा हिशेब

हौशी नेमबाजीत बंदुकीची किंमत एकदाच मोजावी लागते, काडतुसांची किंमत मात्र छंद टिकेल तोवर मोजत राहावी लागते. त्यामुळे काडतुसे महागली किंवा बाजारातून नाहीशी झाली, की या छंदाचा सगळा ताळेबंद कोलमडतो. नागरी वापराच्या काडतुसांची जगातील सर्वांत मोठी बाजारपेठ असलेल्या अमेरिकेत गेल्या दीड दशकात असे दोनदा घडले. पहिली टंचाई डिसेंबर २०१२ नंतर आली आणि दुसरी २०२० च्या महामारीत. दोन्ही वेळा दुकानांतील फळ्या रिकाम्या झाल्या, भाव दुपटी-तिपटीने चढले आणि सुट्टीच्या दिवशी रेंजवर जाऊन शे-दोनशे गोळ्या झाडणाऱ्या सामान्य नेमबाजाला आपण नेमके कशासाठी गोळ्या झाडतो, याचा विचार करणे भाग पडले. कच्चा माल मुबलक आणि कारखाने रात्रंदिवस चालू असतानाही ही चणचण का पडली, हे समजून घ्यायचे तर काडतुसाच्या रचनेपासूनच सुरुवात करावी लागते.

काडतूस म्हणजे चार घटकांची जुळणी असते: पुढे शिशाची गोळी, तिला धरून ठेवणारे पितळी कवच, कवचात भरलेली दारू आणि त्या दारूला ठिणगी देणारा आघातसंवेदी स्फोटक मसाला, ज्याला ‘प्राइमर’ म्हणतात. बहुतेक मोठ्या काडतुसांत हा मसाला एका छोट्या टोपीत भरून ती टोपी कवचाच्या बुडाशी मध्यभागी बसवलेली असते. चाप ओढल्यावर बंदुकीतील फायरिंग पिन त्या टोपीवर आदळते. हौशी नेमबाजांच्या सर्वाधिक वापरातले ‘.२२ लाँग रायफल’ हे काडतूस मात्र वेगळ्या जातीचे आहे. १८८७ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने आणलेल्या या काडतुसाचा व्यास जेमतेम ५.६ मिलिमीटर असतो, गोळीचे वजन साधारण अडीच ग्रॅम, आणि त्याला वेगळी टोपी नसते. कवचाच्या बुडाला बाहेर काढलेली जी पोकळ कड असते, त्या कडेच्या आतच मसाला पसरलेला असतो आणि पिन त्या कडेला चिमटते, म्हणून या प्रकाराला ‘रिमफायर’ म्हणतात. कारखान्यात प्रत्येक रिकाम्या कवचात या मसाल्याचा ओलसर कण टाकतात आणि मग वेगाने फिरवून तो कडेच्या पोकळीत सर्वत्र बसवतात. पूर्वी पाऱ्याचे फल्मिनेट वापरत, आता मुख्यतः लेड स्टिफनेट वापरतात. ओला असताना हा पदार्थ हाताळता येतो, वाळला की किरकोळ घर्षणानेही भडकतो. त्यामुळे या टप्प्यावर माणसे कसबी लागतात, इमारती एकमेकींपासून दूर लागतात आणि घाई अजिबात चालत नाही. पितळ आणि शिसे कितीही मिळाले, तरी उत्पादनाचा वेग अखेर या ओल्या मसाल्याच्या खोलीतून ठरतो.

या रचनेचे दोन परिणाम ग्राहकाला भोगावे लागतात. एक म्हणजे रिमफायरचे झाडलेले कवच घरी पुन्हा भरता येण्याजोगे उरत नाही, कारण पिनेने कड चेपलेली असते आणि तिच्यात मसाला पुन्हा बसवणे व्यवहारात अशक्य असते. दुसरा म्हणजे असे काडतूस मोठ्या संख्येने बनवणारे कारखाने मोजकेच असतात: अमेरिकेत आयडाहोतील लुईस्टन येथे सीसीआय, मिनेसोटातील अनोका येथे फेडरल, मिसिसिपीतील ऑक्सफर्ड येथे विंचेस्टर आणि आर्कान्सातील लोनोक येथे रेमिंग्टन, बाहेरून मेक्सिकोचे अगीला आणि युरोपातील काही नामांकित उत्पादक. नवी उत्पादनसाखळी उभी करायला मोठे भांडवल आणि काही वर्षे लागतात, आणि भीतीपोटी वाढलेली मागणी त्याच्या आधीच ओसरण्याची शक्यता असते. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर बंदुकांवर निर्बंध येण्याची धास्ती संपताच विक्री घसरली आणि उत्पादकांच्या गोदामांत माल पडून राहिला. तो अनुभव ताजा असताना पुढच्या टंचाईत कंपन्यांनी नव्या इमारती बांधण्यापेक्षा जुन्याच यंत्रांवर जादा पाळ्या चालवणे पसंत केले, यात त्यांचा आपमतलब असला तरी वेडेपणा नव्हता.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक येथील शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर लष्करी घाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफली आणि मोठ्या मॅगझिनवर बंदी आणण्याची चर्चा सुरू झाली. प्रस्तावित निर्बंधांचा साध्या .२२ काडतुसाशी फारसा संबंध नव्हता, आणि तरीही सर्वाधिक काळ बाजारातून गायब राहिले ते हेच काडतूस. याचे कारण त्याच्या स्वस्ताईत आणि आकारात दडलेले आहे. पन्नास-पन्नासच्या दहा डब्या मिळून होणारा पाचशे काडतुसांचा गठ्ठा एका हातात मावतो, कपाटात वर्षानुवर्षे टिकतो आणि कोणाच्याही खिशाला परवडतो. त्यामुळे साठेबाजी करू पाहणाऱ्याला यापेक्षा सोयीची वस्तू नाही. वॉलमार्टसारख्या साखळी दुकानांनी दर ग्राहकामागे तीन डब्यांची मर्यादा घातली, तर माल उतरण्याची वेळ हेरून सकाळी रांग लावणारे आणि त्याच डब्या दुप्पट भावाने पुढे विकणारे दलाल निर्माण झाले. सरकारच काडतुसे विकत घेऊन जनतेला उपाशी ठेवत आहे, अशी अफवाही तेव्हा जोरात होती. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने होमलँड सिक्युरिटी खात्याच्या खरेदीचा तपशील प्रसिद्ध केला. २००९ पासून ती खरेदी उलट घटत आल्याचे त्यात दिसले. अफवेचा जोर तेवढ्याने ओसरला नाही, कारण टंचाई आपल्याच शेजाऱ्यांच्या आणि आपल्याही कपाटात जाऊन बसली आहे, हे मान्य करणे कोणालाही जड जाते.

२०२० ची टंचाई स्वरूपाने याहून व्यापक होती. बंदूक खरेदीच्या वेळी होणाऱ्या पार्श्वभूमी तपासण्यांची संख्या २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख होती, ती २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाखांवर गेली, आणि शस्त्र उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजानुसार त्या वर्षी सुमारे ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. या नवख्यांनी प्रत्येकी पन्नास काडतुसांच्या फक्त दोन डब्या घेतल्या असे धरले, तरी ८४ कोटी काडतुसांची जादा मागणी तयार होते, आणि यात घाबरून नेहमीपेक्षा जास्त घेणाऱ्या जुन्या ग्राहकांचा हिशेब धरलेलाच नाही. नेमक्या याच वर्षी रेमिंग्टन कंपनी दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली आणि तिचा लोनोकचा कारखाना पूर्ण क्षमतेने चालत नव्हता. फेडरल आणि सीसीआयची तेव्हा मालक असलेल्या व्हिस्टा आउटडोअरने तो विकत घेतला, पण घडी बसायला वेळ गेला. ९ मिलिमीटर पिस्तुलाचे जे साधे काडतूस २०१९ मध्ये वीसेक सेंटला मिळत होते, ते २०२१ च्या सुरुवातीला सत्तर सेंट ते एक डॉलरपर्यंत गेले, तर चार-पाच सेंटचे .२२ दुप्पट-तिप्पट झाले. सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर निर्बंध आले आणि स्वस्त पोलादी कवचाच्या मालाचा ओघ आटू लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर दारू बनवण्यासाठी लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजवर लष्करी मागणीचा ताण आला. भाव पुढे उतरले, परंतु २०१९ च्या पातळीवर सरसकट परतले नाहीत.

या काळात पुष्कळ अमेरिकी नेमबाज ‘रीलोडिंग’कडे, म्हणजे मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांची झाडलेली कवचे घरी पुन्हा भरण्याकडे वळले. कवच हा काडतुसाचा महाग भाग असल्याने बचत होते हे खरे, पण तिथेही गाडी प्राइमरपाशीच अडली: हजार टोप्यांचा जो खोका पूर्वी तीस-पस्तीस डॉलरला मिळे, त्याला २०२१ मध्ये शंभराहून अधिक डॉलर पडू लागले, कारण टोप्या बनवणाऱ्या कंपन्या आधी स्वतःच्या तयार काडतुसांची गरज भागवत होत्या. भारतात हा मार्ग मुळातच बंद आहे, कारण शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा ठरतो.

टिकाऊ उपाय दोनच ठरले, आणि दोन्ही दिसायला कंटाळवाणे आहेत. पहिला उपाय नियमित खरेदीचा. वर्षभरात किती गोळ्या लागतात याची नोंद ठेवून, बाजार शांत असताना दर महिन्याला ठरावीक संख्या घेणारा आणि जुना साठा आधी वापरणारा नेमबाज टंचाईच्या लाटेतून जवळजवळ कोरडा बाहेर आला. भाव चढल्यावर धावणाऱ्याने मात्र छंदाचे पैसे भीतीवर खर्च केले. कोरड्या आणि थंड जागी ठेवलेली चांगली काडतुसे अनेक वर्षे टिकतात, म्हणून थोडा साठा बाळगणे यात गैर काही नाही. आपण किती झाडतो हे माहीत नसताना केलेला साठा मात्र साठेबाजीच असतो, त्याला दूरदृष्टीचे नाव देऊन उपयोग नाही.

दुसरा उपाय ‘ड्राय फायरिंग’चा, म्हणजे रिकाम्या बंदुकीने नेम धरून चाप ओढण्याच्या सरावाचा. भारतीय नेमबाज याला नुसते ‘ड्राय’ म्हणतात. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवणे, बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करणे आणि सुरक्षित दिशेच्या भिंतीवर छोटे लक्ष्य लावणे एवढीच याची तयारी असते. रिमफायर बंदुकीत एक अडचण येते: कवच नसले की पिन थेट नळीच्या मागच्या काठावर आदळून तो काठ चेपण्याची शक्यता असते, म्हणून निर्मात्याने तशी मुभा दिली नसेल तर नकली काडतूस घालावे लागते. अमेरिकी नेमबाजांनी यावर शोधलेला तोडगा हार्डवेअरच्या दुकानातला आहे. भिंतीत स्क्रू बसवण्याआधी भोकात ठोकतात ती प्लॅस्टिकची पिवळी गिट्टी, तिथल्या मापाप्रमाणे चार क्रमांकाची, .२२ च्या चेंबरमध्ये बरोबर बसते आणि तिची कड पिनेचा आघात झेलते. प्रत्येक वेळी ती किंचित फिरवली की एकच गिट्टी अनेकदा चालते.

या सरावाचे खरे मोल काटकसरीपलीकडचे आहे. गोळी सुटताना होणारा आवाज आणि धक्का नेमबाजाची चूक त्याच्यापासूनच लपवतो: चाप ओढताना मनगट खाली गेले की खांदा पुढे आला, हे त्या क्षणी कळतच नाही, केवळ लक्ष्यावरचे भोक भलतीकडे दिसते. रिकाम्या बंदुकीत धक्का नसल्याने पिन पडतानाची पुढच्या माशीची हालचाल स्वच्छ दिसते, आणि धक्क्याच्या भीतीने आधीच आक्रसण्याची खोड उघडी पडते. रशियात विकसित झालेल्या ‘स्कॅट’सारख्या यंत्रणेत नळीला लावलेला छोटा संवेदक नेमाचा प्रवास संगणकाच्या पडद्यावर रेषेच्या रूपात काढतो, त्यामुळे चाप ओढण्याच्या आधीच्या सेकंदात नेम किती थरथरला हेही नंतर निवांत पाहता येते. अर्थात वारा, प्रकाश, धक्क्यानंतर बंदूक पुन्हा स्थिर होणे आणि स्पर्धेचे दडपण या गोष्टी प्रत्यक्ष गोळ्या झाडूनच शिकाव्या लागतात. ड्राय सराव प्रत्यक्ष गोळीबाराची जागा घेत नाही. प्रत्यक्ष झाडलेली प्रत्येक गोळी मात्र त्यामुळे कारणी लागते.

यापुढची पायरी हवाई रायफलीची. तिच्यात दारूही नसते आणि प्राइमरही. दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा शिशाचा छर्रा सुटतो, आणि म्हणून ज्या दोन वस्तूंपायी काडतुसे अडतात त्यांच्याशी तिला देणेघेणे नसते. टंचाईच्या काळात अमेरिकेतील अनेकांनी ती तात्पुरती सोय म्हणून घेतली. भारतात मात्र परवान्याचा व्याप आणि काडतुसांचा खर्च यांमुळे बहुतेक नेमबाजांची सुरुवातच १० मीटर हवाई प्रकारांत होते आणि अनेकांचा प्रवास तिथेच स्थिरावतो. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेपर्यंत भारताने ऑलिंपिक नेमबाजीत मिळवलेल्या सात पदकांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अभिनव बिंद्रा, गगन नारंग, मनू भाकर आणि मनू-सरबज्योत सिंग जोडी यांची चार पदके हवाई शस्त्रांची आहेत. काडतुसांच्या प्रकारांतील उरलेल्या तीन पदकांपैकी राज्यवर्धनसिंह राठोड (२००४) आणि विजय कुमार (२०१२) यांची दोन पदके सैन्यदलातील नेमबाजांची, आणि तिसरे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचे, जे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडले आणि रेल्वेच्या नोकरीत स्थिरावले. सात हा आकडा निष्कर्ष काढण्याच्या दृष्टीने लहान आहे हे मान्य करूनही, गोळीचा खर्च सोसणारी एखादी संस्था पाठीशी असल्याशिवाय या देशात काडतुसांच्या नेमबाजीत वर चढणे कठीण आहे, असे म्हणायला तो पुरेसा वाटतो.

कुसाळे यांचा ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स हा प्रकार, तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिच येथे ज्यात विश्वविजेतेपद मिळवले तो ५० मीटर प्रोन हा प्रकार आणि राही सरनोबत यांचा २५ मीटर पिस्तूल हा प्रकार, हे तिन्ही त्याच .२२ काडतुसावर चालतात; पण या पातळीवर कोणतीही डबी उचलून चालत नाही. ५० मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांतही प्रत्येक उत्पादनतुकडीच्या, म्हणजे ‘लॉट’च्या, वागण्यात सूक्ष्म फरक असतो, आणि एका नळीला मानवलेला लॉट दुसऱ्या नळीला मानवेलच असे नाही. म्हणून इंग्लंडमधील बर्मिंगहॅमला इलीच्या किंवा जर्मनीतील शोनेबेकला लापुआच्या चाचणी केंद्रात रायफलीची नळी पक्क्या बैठकीत आवळून बसवतात, वेगवेगळ्या लॉटमधील दहा-दहा गोळ्या झाडतात आणि ज्या लॉटची भोके सर्वांत जवळजवळ पडतात त्याची वर्षभराची काडतुसे नेमबाज एकरकमी घेऊन ठेवतो. हौशी नेमबाजाला टंचाईत दुसऱ्या कंपनीची डबी घेऊन वेळ मारून नेता येते, पण स्पर्धक नेमबाजाचा लॉट संपला की त्याला त्या नळीसाठी सगळा शोध नव्याने सुरू करावा लागतो.

भारतात पुण्याच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे, देशी उत्पादन नाही असे नाही. परंतु आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या तोडीची .२२ काडतुसे युरोपातूनच येतात. म्हणजे रुपयाचा दर, जहाजाचे भाडे, युरोपीय कारखान्यांवरील संरक्षण खात्यांचा ताण आणि आयातीची कागदपत्रे, यांपैकी काहीही बिघडले तरी त्याची झळ थेट सरावाला बसते. ही आयात मुख्यतः भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेच्या यंत्रणेतून होते. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी पात्रता स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नेमबाजाने एका वेळी किती काडतुसे बाळगावीत आणि वर्षात किती घ्यावीत, हे परवान्यावर आणि त्याच्या क्रीडा दर्जावर ठरते. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने खेळाडूंसाठी या मर्यादा वाढवल्या, तरी अमेरिकी पद्धतीने कपाट भरण्याची मुभा इथे नाही आणि खर्च झालेल्या काडतुसांचा हिशेबही द्यावा लागतो.

त्यामुळे इथला जाणता नेमबाज साठा दोन भागांत वाटून घेतो. त्याच कंपनीची कमी प्रतीची, निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीची काडतुसे रोजच्या सरावाला आणि निवडलेला महागडा लॉट निवड चाचण्यांना व स्पर्धांना. यात एक मेख आहे: दोन्हींच्या गोळ्यांचा वेग सारखा नसल्याने त्या ५० मीटरवर वेगवेगळ्या उंचीवर लागतात, आणि नळीला नव्या काडतुसाच्या मेणाचा थर बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या भरवशाच्या नसतात. म्हणून स्पर्धेच्या सकाळी डबी बदलून भागत नाही. काही दिवस आधीपासून महागड्या लॉटवर येऊन माशी नव्याने जुळवून घ्यावी लागते, आणि त्या दिवसांत किती गोळ्या खर्ची पडतील याची बेरीज वर्षाची मागणी नोंदवतानाच करून ठेवावी लागते.